जागे ठेवणारी गोळी

नोव्हेंबर १९३९. दुसरे महायुद्ध सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. जर्मन सैन्यात नुकताच दाखल झालेला एकवीस वर्षांचा एक तरुण घरी आईवडिलांना पत्र लिहीत होता. काम खडतर आहे, फार पत्रे लिहिणे जमणार नाही, आज लिहितो आहे ते मुख्यतः पर्विटिन मागवण्यासाठी, असा त्या पत्राचा आशय होता. पुढच्या वर्षीच्या पत्रांतही ही मागणी पुन्हा पुन्हा येते. या तरुणाचे नाव हाइन्रिश ब्योल. युद्धानंतर तो मोठा लेखक झाला आणि १९७२ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याने मागवलेले पर्विटिन म्हणजे मेथॲम्फेटामिन या रसायनाची गोळी. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ज्या द्रव्यांवर कडक बंधने घातली, त्यांच्या यादीत हे नाव आहे. १९३८ साली जर्मनीत ही गोळी बाजारात आली तेव्हा मात्र ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत असे. थकवा, उदासी, कामातला निरुत्साह अशा अनेक तक्रारींवर ती चालते, असे तिच्या जाहिराती सांगत.

सैनिकाची क्षमता वाढवणारे तंत्रज्ञान म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा, मेंदूत बसवलेली चिप किंवा जनुकांतील फेरफार अशा गोष्टी येतात. त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते त्यात स्वप्नरंजनाचा भाग बराच असतो. पण धडधाकट माणसाच्या शरीरात बदल घडवून त्याच्याकडून नेहमीपेक्षा जास्त काम करवून घ्यायचे, हा प्रयोग मोठ्या सैन्यांनी पूर्वीच करून पाहिला आहे आणि तोही कोट्यवधी गोळ्या वाटून. इलाज आजारी माणसावर करतात. ही गोळी निरोगी माणसांना दिली गेली. तिचा इतिहास पाहिला की असे तंत्रज्ञान सैन्यात आणताना खरी अडचण कुठे येते ते कळते. ती अडचण प्रयोगशाळेत गोळी तयार करण्याची नव्हती.

कारण तयार करणे तसे सोपे ठरले. चिनी वैद्यकात दम्यावर वापरल्या जाणाऱ्या माहुआंग या झुडपातून जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी याने १८८५ साली एफेड्रिन वेगळे केले आणि १८९३ मध्ये त्यापासून मेथॲम्फेटामिन बनवले. त्याआधी १८८७ मध्ये बर्लिनमध्ये शिकणाऱ्या लाझार एदेलेआनू या रुमानियन तरुणाने त्याचे भावंड शोभेल असे ॲम्फेटामिन तयार केले होते. दोन्ही द्रव्ये कित्येक वर्षे नुसती पडून होती. १९३० च्या दशकात अमेरिकेत ॲम्फेटामिन ‘बेंझेड्रिन’ या नावाने विकले जाऊ लागले, आधी चोंदलेल्या नाकासाठी हुंगायचे औषध म्हणून आणि नंतर गोळी म्हणून. त्याचे यश पाहून बर्लिनच्या टेमलर कंपनीत फ्रिट्झ हाउशिल्ड या रसायनशास्त्रज्ञाने मेथॲम्फेटामिन बनवण्याची सुधारित रीत शोधली. तेच हे पर्विटिन.

रांकेची परीक्षा

बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत ओटो रांके हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ होता. सैनिकाचे शरीर हे त्याच्या अभ्यासाचे यंत्र आणि थकवा हा त्या यंत्राचा मुख्य दोष, असा त्याचा दृष्टिकोन होता. बाजारात नव्याने आलेली गोळी या दोषावर चालेल का, हे पाहण्यासाठी त्याने १९३८ साली अकादमीतल्या नव्वद विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. काहींना पर्विटिन, काहींना कॅफीन, काहींना बेंझेड्रिन, तर काहींना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिली. मग रात्रभर जागवून त्यांना गणिते आणि इतर बौद्धिक कामे करायला लावली.

पहाट झाली तेव्हा नुसती गोळी घेतलेली मुले बाकांवर डोकी टेकून बसली होती. पर्विटिनवाली ताजीतवानी होती, उत्साहाने लिहीत होती आणि आणखी कामाला तयार होती. एखाद्या सेनापतीने खिडकीतून हे दृश्य पाहिले असते तर त्याने तिथल्या तिथे गोळ्यांची मागणी नोंदवली असती. पण उत्तरपत्रिका तपासल्यावर वेगळेच चित्र दिसले. पर्विटिनवाल्यांनी गणिते भराभर सोडवली होती, पण चुकाही जास्त केल्या होत्या. जिथे थांबून विचार करावा लागतो अशा कामांत त्यांची प्रगती दिसत नव्हती.

इथे दोन निष्कर्ष आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. गोळी माणसाला जागे ठेवते, हा पहिला. गोळी त्याची विचारशक्ती वाढवत नाही, हा दुसरा. लष्कराने पहिला ऐकला. विद्यार्थ्यांनीही पहिलाच ऐकला. प्रयोगानंतर अकादमीतली मुले या गोळ्या परस्पर मिळवून घेऊ लागली आणि रांकेला धोक्याची सूचना द्यावी लागली. गंमत म्हणजे तो स्वतःही पर्विटिन घेत असे. तिच्या जोरावर छत्तीस ते पन्नास तास थकवा न जाणवता काम करता येते, असे त्याने लिहून ठेवले आहे. ‘थकवा न जाणवता’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. थकवा न येणे आणि तो न जाणवणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

ते अंतर समजण्यासाठी झोप का येते ते थोडक्यात पाहू. आपण जागे असताना मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात आणि त्यातून ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. पेशींवर या द्रव्यासाठी खास जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. ॲडेनोसिन ग्राहींना जाऊन चिकटले की पेशींची लगबग मंदावते आणि आपल्याला पेंग येऊ लागते. चहाकॉफीतले कॅफीन या ग्राहींवर आधीच जाऊन बसते, पण त्यांना चालवत नाही. कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी तसे. ॲडेनोसिन साठायचे थांबत नाही, त्याचा निरोप तेवढा पोहोचत नाही.

ॲम्फेटामिनची तऱ्हा निराळी. चेतापेशींच्या टोकाशी डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन यांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. ही द्रव्ये गरजेपुरती बाहेर पडतात आणि काम झाले की एका दारातून पुन्हा आत ओढली जातात. ॲम्फेटामिन त्याच दाराने आत शिरते, पिशव्यांतला साठा मोकळा करते आणि दार उलट्या दिशेने चालवू लागते. दोन्ही द्रव्यांचा पूर येतो. नॉरॲड्रेनालिनमुळे हृदय जोरात चालते, भूक मरते, झोप उडते. डोपामिनमुळे हुरूप येतो, आपल्याला हे जमणारच असे वाटू लागते. रांकेला यातले काही ठाऊक नव्हते. डोपामिन हे मेंदूतले एक स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य आहे, हे स्वीडनच्या आर्विड कार्लसनने १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले.

शरीराला हवी असलेली विश्रांती या दोहोंपैकी कशानेही मिळत नाही. मोटारीच्या टाकीतले पेट्रोल संपत आले आहे आणि काटा मात्र ‘भरलेली’ या खुणेवर बांधून ठेवला आहे, असा हा प्रकार. शिवाय ॲम्फेटामिन चालकाला असेही पटवते की आज गाडी नेहमीपेक्षा छान पळते आहे.

साडेतीन कोटी गोळ्या

१७ एप्रिल १९४० रोजी जर्मन सैन्याने पर्विटिनच्या वापराविषयी एक परिपत्रक काढले. ती कधी द्यावी, किती द्यावी, जास्त झाल्यास काय होते, हे सारे त्यात होते. म्हणजे गोळी आता अधिकृत झाली. १० मे रोजी जर्मन रणगाडे पश्चिमेकडे निघाले आणि आर्देनच्या डोंगराळ जंगलातून रात्रंदिवस चालत काही दिवसांत फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर पोहोचले. एप्रिल ते जुलै या काळात सैन्याला आणि विमानदलाला पर्विटिन आणि आयसोफॅन या नावाच्या तशाच दुसऱ्या गोळीचे मिळून साडेतीन कोटींहून अधिक नग पुरवले गेले.

हा आकडा वाचून ‘गोळ्यांनी फ्रान्स जिंकला’ अशी विधाने अलीकडे बरीच केली जातात. थोडा भागाकार करू. पश्चिम आघाडीवर जर्मनीचे सुमारे तीस लाख सैनिक होते. साडेतीन कोटींना तीस लाखांनी भागले तर दर सैनिकामागे जवळपास बारा गोळ्या येतात, त्याही साधारण तीन महिन्यांत. गोळ्या अर्थातच सारख्या वाटल्या गेल्या नाहीत. रणगाड्यांचे चालक, वाहनचालक आणि वैमानिक यांच्या वाट्याला जास्त आल्या, तर पायदळातल्या बऱ्याच जणांना कदाचित एकही मिळाली नसेल. रणगाड्यांतले रेडिओ, अनपेक्षित मार्ग आणि फ्रेंच सेनापतींचा गोंधळ ही विजयाची कारणे इतिहासकार देतात, ती या गोळ्यांमुळे मागे पडत नाहीत. चालक तीन रात्री जागे राहिले यात गोळीचा हात होता, एवढे म्हणावे.

विरोधही झाला आणि तो अनपेक्षित ठिकाणाहून आला. लिओनार्दो काँटी हा नाझी राजवटीचा आरोग्यप्रमुख. हा काही सज्जन माणूस नव्हे. अपंग आणि मनोरुग्ण यांच्या हत्येच्या कार्यक्रमात तो सामील होता. पण पर्विटिनचा धोका त्याने ओळखला होता. थकवा गोळीने घालवणाऱ्याची ताकद एक दिवस कोसळणारच, असे तो डॉक्टरांना सांगत होता. नोव्हेंबर १९३९ पासून त्याने गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणली आणि १९४१ साली तिला अफूविषयक कायद्याखाली घातले. नागरिकांवर बंधने आली. सैन्याचा पुरवठा मात्र चालू राहिला.

केंब्रिजचा कॉकपिट

जर्मन वैमानिकांकडे अशा गोळ्या असल्याचे ब्रिटिशांना १९४० साली कळले आणि लगेच प्रश्न उभा राहिला: शत्रूकडे आहे ते आपल्याकडे का नसावे? क्षमतावर्धनाच्या कोणत्याही साधनाबाबत हा प्रश्न अटळ असतो आणि तो विचारला गेला की शांतपणे तपासणी करायला वेळ उरत नाही. तरी ब्रिटिशांनी तपासणी केली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

केंब्रिजला फ्रेडरिक बार्टलेट याच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत केनेथ क्रेक याने स्पिटफायर विमानाच्या कॉकपिटची एक प्रतिकृती बनवली होती. तिच्यातली उपकरणे खऱ्यासारखी हलत आणि वैमानिकाच्या प्रत्येक चुकीची नोंद होत असे. तिच्यात वैमानिकांना तासन्‌तास बसवून थकव्याचा अभ्यास झाला. थकलेला माणूस मंद होतो, अशी सर्वांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात हात चालूच राहिले, ढासळली ती पारख. वैमानिकाचे लक्ष समोरच्या दोन-तीन उपकरणांवर खिळून राही आणि कडेचा इंधनाचा काटा पाहायचे राहून जाई. किती चूक चालेल याचे त्याचे माप नकळत सैल होत जाई. सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी की आपण आधीपेक्षा चांगले चालवतो आहोत असे त्याला वाटे आणि चुका दिसल्याच तर त्यांचे खापर तो उपकरणांवर फोडी.

म्हणजे थकलेला माणूस मुळातच आपल्या कामाचा वाईट परीक्षक असतो. त्यात त्याला अशी गोळी दिली जी आत्मविश्वास वाढवते, तर ‘गोळीने फायदा झाला का?’ हा प्रश्न त्यालाच विचारून काय उपयोग? तो ‘झाला’ असेच सांगणार, तेही मनापासून.

(वर्गात हे छोट्या प्रमाणात दाखवता येते. एकाने फूटपट्टी उभी धरून अचानक सोडायची आणि दुसऱ्याने ती दोन बोटांत पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर प्रतिक्रियेला सुमारे ०.२ सेकंद लागला. मात्र प्रत्येक वेळी आकडा पाहण्याआधी मुलाला आपला अंदाज लिहायला सांगावा. हा खेळ सकाळी पहिल्या तासाला आणि दुपारी शेवटच्या तासाला घेतला तर अंदाज आणि मोजमाप यांतली तफावत मुलांना स्वतःच सापडते.)

ब्रिटन आणि अमेरिकेतल्या युद्धकालीन चाचण्यांचा सर्वसाधारण सूर असा होता की प्रत्यक्ष कामाच्या मोजमापात ॲम्फेटामिन कॅफीनपेक्षा ठळकपणे सरस ठरत नाही. फरक दिसतो तो मनःस्थितीत. शिकागोचा शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँड्र्यू आयव्ही अशा द्रव्यांचा अभ्यास अमेरिकन सैन्यासाठी करत होता. इकडे ब्रिटनमध्ये रोलंड विनफील्ड हा विमानदलाचा डॉक्टर स्वतः बॉम्बफेकी विमानांतून मोहिमांवर जाऊन वैमानिकांवर गोळीचा परिणाम पाहत होता आणि त्याच्या नजरेत भरला तो त्यांचा वाढलेला निर्धार. दोन्ही देशांच्या सैन्यांनी १९४२ च्या सुमारास बेंझेड्रिन स्वीकारले. युद्धकाळात ब्रिटिश सैन्यदलांना ७ कोटी २० लाख गोळ्या दिल्या गेल्याचे सांगितले जाते.

मोजमाप विरुद्ध असताना सैन्याने गोळी का स्वीकारली? निकोलस रासमुसेन या इतिहासकाराने कागदपत्रे तपासून दिलेले उत्तर असे की सैन्याला हवी होती ती मनःस्थितीच. थकवा दूर करणे हे सांगायचे कारण. धीर आणि आक्रमकता वाढणे हे मोलाचे. मला हे उत्तर पटते, पण पूर्ण नाही. पहाटे उत्तर समुद्रावरून परतणाऱ्या वैमानिकाला अवघड गणिते सोडवायची नसतात, डुलकी न लागता धावपट्टी गाठायची असते. त्याच्यासाठी रांकेच्या पहिल्या निष्कर्षाचे मोल खरोखरच प्राणाइतके होते. चूक झाली ती त्याची सोय सर्वांचा नियम होण्यात. एका प्रकारच्या कामासाठी, एका रात्रीपुरते, मोजून दिलेले औषध हळूहळू प्रत्येक पथकाच्या पेटीत गेले.

पेटीत गेलेल्या गोळीचे काय होऊ शकते, याची एक गोष्ट फिनलंडमध्ये सांगतात. मार्च १९४४ मध्ये लॅपलंडच्या बर्फात स्कीवरून निघालेल्या एका फिनिश तुकडीचा सोव्हिएत सैनिक पाठलाग करत होते. आइमो कोइवुनेन या सैनिकाकडे सबंध तुकडीचे पर्विटिन होते. हातमोजे घातलेल्या हाताने एक गोळी निघेना, म्हणून त्याने सगळीच बाटली तोंडात रिकामी केली: तीस गोळ्या. आधी अफाट वेग, मग भास, मग शुद्धच हरपली. पुढे तो एकटाच भटकत राहिला, सुरुंगाने जखमी झाला आणि सापडला तेव्हा त्याने चारशे किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते, वजन ४३ किलो उरले होते आणि नाडी मिनिटाला दोनशेच्या घरात होती. हकिगत बहुतांशी त्याच्याच तोंडची आहे, तेव्हा आकडे थोडे सैल धरावेत. तो वाचला आणि १९८९ पर्यंत जगला. अशी गोष्ट सांगायला मागे उरला म्हणून आपल्याला ती माहीत आहे, हेही ध्यानात ठेवावे.

नाही म्हणण्याचा अधिकार

युद्धाच्या अखेरीस जर्मन नौदलाला एक-दोन माणसांच्या छोट्या पाणबुड्यांतल्या खलाशांना कित्येक दिवस जागे ठेवायचे होते. त्यासाठी १९४४ मध्ये मेथॲम्फेटामिन, कोकेन आणि अफूच्या जातीचे एक वेदनाशामक अशी मिश्रणे तयार झाली. त्यांची चाचणी झाली झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत. तिथे बुटांचे तळवे किती टिकतात हे पाहण्यासाठी बांधलेली एक वर्तुळाकार वाट होती. कैद्यांना औषध देऊन पाठीवर ओझे चढवले जाई आणि त्या वाटेवर दिवसरात्र चालवले जाई. ध्रुवीय संशोधक नान्सेन याचा मुलगा ऑड नान्सेन त्या छावणीत कैदी होता. या गोळीवाल्या पथकाची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे.

सुरुवातीला निरोगी विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग सहा वर्षांत इथपर्यंत येऊन ठेपला. युद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालला आणि १९४७ साली त्या निकालातून माणसांवरील प्रयोगांची दहा सूत्रे पुढे आली. माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती, हे त्यांतले पहिले. ही सूत्रे घडवण्यात ज्या तज्ज्ञांचा वाटा होता त्यांत एक नाव ओळखीचे निघते: शिकागोचा अँड्र्यू आयव्ही.

पण संमतीचा प्रश्न कैद्यापुरता सोडवला तरी सैनिकापुरता सुटत नाही. रुग्ण डॉक्टरला ‘नको’ म्हणू शकतो. सैनिकाचे सारे शिक्षणच हुकूम पाळण्याचे असते. आणि गोळी घेतलेला सैनिक कधी नागरिक होतो तेव्हा तिचे परिणाम बरोबर घेऊनच घरी जातो. जपानमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले. तिथे मेथॲम्फेटामिन ‘हिरोपोन’ या नावाने १९४१ पासून विकले जात होते आणि वैमानिकांना व युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या कामगारांना दिले जात होते. नाव ज्या ग्रीक शब्दावरून घेतले त्याचा अर्थ ‘कामाची आवड असलेला’ असा होतो. १९४५ साली युद्ध संपले आणि उरलेले साठे बाजारात आले. हरलेल्या, उपाशी, उद्ध्वस्त शहरांत व्यसनाची साथ पसरली. १९५१ मध्ये कडक कायदा करावा लागला आणि १९५४ या एका वर्षात त्याखाली पंचावन्न हजारांवर माणसांना अटक झाली. शस्त्रे परत जमा करून घेता येतात. सवय जमा करून घेता येत नाही.

एवढे होऊनही गोळी सैन्यातून गेली नाही. व्हिएतनामच्या युद्धात १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकन सैन्यदलांनी साडेबावीस कोटी उत्तेजक गोळ्या वापरल्या, असे अमेरिकी संसदेच्या एका समितीच्या चौकशीत पुढे आले. १९९१ च्या आखाती युद्धानंतर अमेरिकन लढाऊ वैमानिकांची पाहणी झाली, तेव्हा अर्ध्याहून अधिक वैमानिकांनी ॲम्फेटामिन घेतल्याचे सांगितले. १९९२ मध्ये विमानदलप्रमुख मॅकपीक याने या गोळ्या बंद केल्या. १९९६ मध्ये त्या गाजावाजा न करता परत आल्या.

त्यानंतरच्या काळात अमेरिकन वैमानिकांकडून गोळीसाठी लेखी संमती घेतली जात असे. गोळी घेणे ऐच्छिक आहे, असे त्या कागदावर लिहिलेले असे. पण जिथे गरज आहे तिथे ती नाकारली, तर वैमानिक त्या मोहिमेवर उड्डाणास अपात्र आहे असे वरिष्ठ ठरवू शकतात, हेही त्याच कागदावर होते. ज्याचे सारे आयुष्य उड्डाणावर उभे आहे त्याला हा पर्याय कितपत खरा वाटेल?

१७ एप्रिल २००२ च्या रात्री अफगाणिस्तानात कंदाहारजवळ कॅनडाचे सैनिक गोळीबाराचा सराव करत होते. वरून जाणाऱ्या एका अमेरिकन एफ-१६ विमानाच्या वैमानिकाला तो आपल्यावरचा हल्ला वाटला. थांबून राहा, अशी सूचना मिळाली असतानाही त्याने सुमारे २२७ किलोचा बॉम्ब टाकला. मित्रदेशाचे चार सैनिक ठार आणि आठ जखमी झाले. चौकशीत वकिलांनी मुद्दा मांडला की वैमानिकांना ॲम्फेटामिन दिले गेले होते आणि त्याचा परिणाम त्यांच्या निर्णयशक्तीवर झाला असावा. विमानदलाने हा मुद्दा स्वीकारला नाही आणि वैमानिकाला दोषी धरले. गोळीमुळे बॉम्ब पडला की गोळीशिवायही पडला असता, हे त्या एका रात्रीपुरते कोणीच सिद्ध करू शकत नाही. प्रयोगशाळेत निदान दिखाऊ गोळी घेतलेला दुसरा गट तुलनेला असतो. रणांगणावर असा गट नसतो, आणि म्हणून बिघडल्यावर जबाबदारी कोणाची, गोळी देणाऱ्याची की घेणाऱ्याची, हा वाद मिटत नाही.

पुढे ॲम्फेटामिनची जागा अंशतः मोडाफिनिल या फ्रान्समध्ये शोधलेल्या औषधाने घेतली. त्याने हुरूप कमी चढतो आणि व्यसनाचा धोकाही कमी, असे मानले जाते. झोपेची उधारी मात्र त्यानेही फिटत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकन भूसेनेने सैनिकांच्या आरोग्याविषयीची आपली पुस्तिका नव्याने काढली. तिच्यात झोपेसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. रात्री पुरेशी झोप मिळत नसेल तर दिवसा संधी साधून थोडी डुलकी काढावी, असे त्यात अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना सांगितले आहे. आपल्याकडे याला वामकुक्षी म्हणतात.